ती लिंक तुमच्यापाशीच थांबू द्या



रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवणं आटोपली आहेत. ओटा पुसून आई बाहेर येऊन टेकलीय. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मामाचा मेसेज येतो. कालच लागलेल्या मराठी पिक्चरची लिंक. खाली तीन शब्द: 'लवकर बघा, उडेल.' मामाच्या मनात काही वाईट नाही. बहिणीला सिनेमाची आवड, पण गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्याने मायेने पाठवलंय. तुमचा अंगठा त्या लिंकवर टेकलाय.

थांबा. तिथेच थांबा. हे आवाहन त्या एका क्षणासाठी आहे.

आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी थेटरात बसून चोरून मोबाईलवर उतरवलेलं चित्र. पडदा जरा तिरका. मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं जातं. संवाद घुमतात. आणि विनोद झाला की हसणं ऐकू येतं. तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसांचं हसणं. ते हसणं लक्षात ठेवा.

सिनेमाची चोरी काही आजची नाही. व्हीसीआरच्या काळात कॅसेट फिरायच्या. मग फूटपाथवर सीडी आल्या. मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डावर 'पिक्चर भरून' मिळू लागले. पण तेव्हा चोरीच्या मालासाठी माणसाला घरातून उठावं लागायचं. पायात चपला घालाव्या लागायच्या. इंटरनेट होतं, पण केवढं? टेलिफोनच्या तारेवरून डायल-अपने दोन जीबीचा सिनेमा उतरवायचा तर तीन दिवसांहून जास्त वेळ गेला असता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मागोमाग फायबरची तार घराघरांत आली. १०० एमबीपीएसच्या लाईनवर तोच सिनेमा तीन मिनिटांच्या आत उतरतो. चहाला आधण येईस्तोवर पिक्चर टीव्हीवर.

त्या तारेला मी दोष देत नाही. तिच्यावर तुमची मुलं अभ्यास करतात. परगावी शिकणारी नात तिच्यावरूनच आजीला तोंड दाखवते. पण त्याच तारेवरून चोरी उंबरठ्याच्या आत आलीय. ती कधी मामाच्या हातून येते, कधी शेजारच्या काकूंच्या, कधी शाळेतल्या जुन्या मित्राच्या. आपल्याच माणसाच्या मायेत गुंडाळून येते, म्हणून तिला नाही म्हणणं जड जातं. न्यायालयं चोरट्या वेबसाईट बंद करायला सांगतात. एक बंद झाली की तीच दुसऱ्या नावाने उघडते. घरच्या ग्रुपमध्ये तर न्यायालयही येऊ शकत नाही. तिथे फक्त तुम्ही आहात.

म्हणून तुम्हालाच सांगते. लिंक उघडू नका. पुढे ढकलू नका. मामाला दुखवू नका, चारचौघांत लाजवू नका. त्याला फोन करा. सांगा, "मामा, आईची आठवण ठेवलीस, बरं वाटलं. पण हा पिक्चर चोरीचा आहे. रविवारी गाडी करून सगळेच थेटरात जाऊ. तिकिटं मी काढते." करून बघा. मामा रागावणार नाही. बहुतेक वेळा नाश्ता कुठे करायचा एवढंच विचारेल.

आता हे रविवारचं का म्हणाले, ते ऐका. मराठी सिनेमाचं आयुष्य फार थोडं असतं. तो शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार. या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या तर सोमवारी शो टिकतात. नाही भरल्या तर शो कापले जातात. उरलेला एखादा शो सकाळी साडेनऊला नाहीतर भर दुपारी, जेव्हा नोकरदार माणूस जाऊच शकत नाही. दुसऱ्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा येतो आणि आपला सिनेमा पडद्यावरून उतरतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. पण रिकाम्या खुर्च्या कोणता सरकारी आदेश भरणार? आणि चोरीची प्रत फिरते ती नेमकी याच दिवसांत. शनिवारी रात्री घरात पाहिलेला सिनेमा रविवारी पुन्हा बघायला कोण जाणार? हिंदी सिनेमाला देशभरची गावं आहेत. एका जागी तोटा झाला तर दुसरीकडे भरून निघतो. मराठी सिनेमाला तुम्ही आहात. तुमच्याशिवाय त्याला दुसरं माहेर नाही.

तर बघायचा असेल तो सिनेमा पहिल्या रविवारी बघा. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणू नका. पुढच्या आठवड्यात तो नसेल. पहिल्या तीन दिवसांत एक तिकीट काढा. आवडला तर लगेच चार माणसांना फोन करा. ज्या अंगठ्याने लिंक पुढे जाते, त्याच अंगठ्याने 'छान आहे, जाऊन या' हेही पुढे जातं.

कुणी म्हणेल, "'सैराट'ची प्रतही फुटली होती की. तरी चाललाच." खरं आहे. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला आणि चोरटी प्रत फिरत असतानाही गावंच्या गावं थेटरात लोटली. पण ती लाट होती. लाटेवर चोरीचं ओझंही वाहून जातं. सगळ्या सिनेमांच्या नशिबी लाट नसते. एखादी नवी दिग्दर्शिका आपल्या गावची गोष्ट सांगते. तिच्या सिनेमात ओळखीचा चेहरा नाही, मोठी जाहिरात नाही. चार जिल्ह्यांत मिळून थोडेसे शो. तिची प्रत शनिवारी फुटली की सोमवारी सगळं संपलं. त्या दिग्दर्शिकेला दुसरा सिनेमा करायला पैसे कोण देईल? आपण एक सिनेमा फुकट बघतो आणि तिचा पुढचा सिनेमा जन्मायच्या आधीच मारतो. तो आपल्याला कधीच दिसत नाही, म्हणून त्याचं दुःखही होत नाही.

सिनेमा संपल्यावर नावं वर सरकू लागतात तेव्हा आपण उठून गाडीची किल्ली शोधतो. पुढच्या वेळी दोन मिनिटं बसा. ती नावं वाचा. लाईट उचलणारे, सेट लावणारे, कपडे सांभाळणारे, मेकअप करणारे, चहा देणारे स्पॉटदादा. यातली कितीतरी माणसं रोजंदारीची. काम मिळालं त्या दिवशी पैसे. गोरेगावची चित्रनगरी असो की कोल्हापूरची, शूटिंग लागलं तर यांच्या घरी किराणा येतो. मुलीची फी भरली जाते. घरभाडं जातं. आणि सिनेमाच्या मागे घरं असणं काही नवं नाही. भारतीय सिनेमा उभाच राहिला तो एका मराठी घराच्या जिवावर. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सगळ्या कामकऱ्यांचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडायचं कामही हातांनी केलं. पडद्यावर हलणाऱ्या प्रत्येक चित्रामागे कुणाचं तरी घर असतं. त्या घराच्या ताटातलं उचलून आपण खाणार आहोत का? तुम्ही तसे नाही. मला ते पक्कं माहीत आहे.

म्हणून मुलांना थेटरात न्या. ती नावं त्यांना वाचून दाखवा. एवढी माणसं मिळून एक गोष्ट सांगतात, हे त्यांना कळू द्या. 'सर्च केलं की फुकट मिळतं' हे शहाणपण आहे, असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. मूल शेजारच्याचा आंबा न विचारता तोडून आणतं तेव्हा तुम्ही त्याला परत द्यायला पाठवता ना? मग हेही तसंच सांगा. त्याच आवाजात सांगा.

आता तुमच्या स्वतःच्या घराकडे वळू या, कारण धोका तिथेही आहे. फुकट सिनेमा देणारा माणूस आपलं पोट कशावर भरतो, याचा विचार केलात कधी? त्याच्या पानावर जुगाराच्या जाहिराती असतात. घाणेरड्या चित्रांच्या जाहिराती असतात. दहा वर्षांचं पोर कार्टूनचा सिनेमा शोधत तिथे पोचतं आणि नको ते त्याच्या डोळ्यांपुढे येतं. काही ठिकाणी 'आधी हे ॲप घ्या, मग पिक्चर दिसेल' असं सांगतात. ती फाईल फोनमध्ये गेली की फोनवरचे मेसेज दुसराच माणूस वाचू शकतो. बँकेचा ओटीपीसुद्धा. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या फाईलींनी किती जणांची खाती रिकामी केली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. सिनेमाच्या फाईलचाही रस्ता तोच. आणि या सापळ्यात आधी कोण अडकतं? फोन नवा शिकलेले आजोबा. त्यांच्या खात्यात निवृत्तीची पुंजी आहे.

आज रात्री एक काम करा. आजोबांच्या शेजारी बसा. त्यांचा फोन त्यांच्यासमोरच बघा. अनोळखी ॲप असेल तर काढून टाका. त्यांना सांगा, लिंकवर बोट ठेवायच्या आधी हाक मारा, मी येतो. टीव्हीला कुणी 'सगळं फुकट दिसेल' म्हणून एखादा डबा जोडून दिला असेल तर तो काढा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबवता येण्याची आशा जास्त.

आईबापांनो, आणखी एक. ही गोष्ट तुमच्या तरण्या पोराच्या काळजीची आहे. हिरोची एन्ट्री होते, शिट्ट्या वाजतात, आणि तो स्टेटसला टाकायला मोबाईल वर करतो. त्याला ती गंमत वाटते. पण २०२३ मध्ये सिनेमाचा कायदा कडक झालाय. चोरटी प्रत करण्यासाठी थेटरात पडद्याचं चित्रण करणं हा गुन्हा आहे, मग ते एका तुकड्याचं का असेना. शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. दंड कमीत कमी तीन लाख रुपये. आणि सापडणार नाही असं समजू नका. थेटरात दाखवल्या जाणाऱ्या डिजिटल प्रतीत डोळ्यांना न दिसणारी खूण असते. चोरलेल्या प्रतीतून ती खूण वाचता येते. कोणत्या थेटरात, कोणत्या वेळी चित्र उतरवलं ते त्यातून कळतं. नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाच्या नावावर अशी नोंद नको. त्याच्याशी बोला. आजच बोला.

मला तुमची अडचण कळते. मल्टिप्लेक्सची तिकिटं महाग आहेत. चार माणसांचं कुटुंब, वर पॉपकॉर्न, वर पार्किंग. महिन्याचं गणित कोलमडतं. कितीतरी तालुक्यांत आता थेटरच उरलेलं नाही. एकाच पडद्याची जुनी थेटरं बंद पडली, तिथे गाळे उभे राहिले. हे सगळं खरं आहे. थेटरमालकांनो, तुम्हीही ऐका. २३ सप्टेंबर २०२२ ला सिनेमा दिनाच्या निमित्ताने तिकीट ७५ रुपये ठेवलं, तेव्हा माणसं कशी लोटली होती ते आठवा. परवडलं तर लोक येतात. त्यांना परवडू द्या.

पण प्रेक्षकहो, महाग आहे म्हणून चोरीचं घ्यावं, असं आपण बाजारात कधी केलंय? आपण मोसमाची वाट पाहतो. हापूससाठी वर्षभर थांबतो. पेटी परवडली नाही तर डझनभर घेतो, नाहीतर भाव उतरेपर्यंत धीर धरतो. सिनेमालाही तसाच धीर द्या. सकाळच्या शोचं तिकीट स्वस्त असतं, तो बघा. आठवड्याच्या मधल्या वारी जा. गावात जुनं थेटर उरलं असेल तर त्याला हात द्या. आईचे गुडघे खरंच दुखत असतील तर काही आठवडे थांबा, सिनेमा ओटीटीवर येईल, टीव्हीवर येईल. तुमच्या फायबरच्या प्लॅनमध्ये एखादं ओटीटी आधीच मिळालेलं असेल, ते उघडून बघा. तिथून पाहिलेल्या सिनेमाचे पैसे करणाऱ्यांपर्यंत जातात. थांबून पाहणारा प्रेक्षकही प्रेक्षकच आहे.

परदेशातल्या मराठी माणसांनो, तुम्हालाही हात जोडून विनंती. तुमचं महाराष्ट्र मंडळ रविवारी एक पडदा भाड्याने घेतं. शंभर घरांना ईमेल जातात. आणि कुणीतरी म्हणतं, "कशाला? माझ्याकडे लिंक आहे." तो पडदा रिकामा राहिला तर पुढचा सिनेमा तुमच्या शहरात यायचाच नाही. तिथे वाढणाऱ्या तुमच्या मुलांना मोठ्या पडद्यावर मराठी ऐकायला मिळण्याचे असे किती दिवस येतात वर्षात? तो एक दिवस वाया घालवू नका.

आता काळजाला हात घालणारा आकडा सांगते. सल्लागार कंपनी ईवाय आणि इंटरनेट कंपन्यांची संघटना आयएएमएआय यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२३ या एका वर्षात भारतातल्या चोरट्या मनोरंजनाची उलाढाल २२,४०० कोटी रुपये होती. त्यातले १३,७०० कोटी थेटरातल्या सिनेमांच्या चोरट्या प्रतींचे. एवढा डोंगर कुणी एका दरोडेखोराने रचलेला नाही. तो एकेका अंगठ्याने रचलाय. त्याच अहवालात म्हटलंय की पाहणाऱ्यांपैकी ५१ टक्के माणसं चोरटा मार्ग वापरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणजे तुमच्या चाळीतली, तुमच्या सोसायटीतली, तुमच्या ऑफिसातली, माझ्या घरातली माणसं. चांगली माणसं. हा डोंगर आपणच उपसू शकतो. पण तो रोज वाढतोय. उद्यावर टाकू नका.

आणि आपण हे करू शकतो, हे मी उगाच म्हणत नाही. २००४ आठवा. संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. मग भारतातर्फे तो ऑस्करला निघाला. आजोबा आणि नातवाची गोष्ट. नातवाचे डोळे जाणार आहेत, त्याआधी आजोबा त्याला जग दाखवतात. अमेरिकेत सिनेमा लोकांपुढे मांडायला पैसा हवा होता आणि करणाऱ्यांकडे तो नव्हता. तेव्हा कोण उभं राहिलं? शाळेतल्या मुलांनी आपल्या हातच्या वस्तू विकून पैसे दिले. नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं. साध्या माणसांनी खिशात हात घातला. ऑस्कर मिळालं नाही. पण आपल्या भाषेतल्या एका गोष्टीसाठी घराघरांतून पैसा निघाला.

२०२३ आठवा. 'बाईपण भारी देवा' लागला आणि बायका भिशीच्या गटाने, महिला मंडळाने, नणंदा-भावजया मिळून, नटूनथटून थेटरात गेल्या. घरात तेव्हाही वायफाय होतं. मोबाईल तेव्हाही हातात होते. तरी त्या गेल्या, कारण मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून रडायची सोय मोबाईलच्या पडद्यावर नसते.

'श्वास'साठी पैसे देणारी ती शाळेतली मुलं आज तिशीत आहेत. त्यांतलंच कुणी हे वाचत असेल. त्या दिवशी तू आपल्या सिनेमाला दिलं होतंस. आज तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त त्याचं काढून घेऊ नकोस.

तर आज ठरवा. आत्ता ठरवा. फोनमधले चोरट्या सिनेमांचे चॅनेल सोडा. ग्रुपवर आलेली लिंक पुसून टाका. आजोबांचा फोन तपासा. पोराशी बोला. मामाला फोन करा. येत्या शुक्रवारी कोणता मराठी सिनेमा लागतोय ते बघा आणि रविवारची तिकिटं काढा. पाच सीट जोडून मिळतील असा शो निवडा. आईला कडेची सीट द्या, गुडघे लांब करता येतील. आणि घरचा ग्रुप तुमचाच आहे. तिथे उद्या लिंकच्या जागी तिकिटांचा फोटो टाका. बघा, किती जण विचारतात, 'आम्हीपण येऊ?'

रविवारी दिवे मालवतील. तुमच्या शेजारी आई असेल, पलीकडे मामा. विनोद होईल आणि सगळं थेटर हसेल. चोरीच्या प्रतीत ज्यांचं हसणं लांबून ऐकू यायचं, ती माणसं आता तुमच्याच रांगेत असतील. त्या हसण्यात आईचाही आवाज मिसळू द्या.

तिकिटं काढा. मी वाट पाहते.

तुमच्याच मागच्या रांगेतली,
एक प्रेक्षक